एकशे त्रेचाळीस निरोप आणि एक शिडी

दंतवैद्य बाईंनी सकाळी नऊ वाजता फोन करून "सोडा" म्हटलं आणि निरोप्याने सोडले. सोडले म्हणजे निरोप. बाई आठवडाभर सुट्टीवर होत्या, तेवढ्या दिवसांत साचलेले "दवाखाना पुन्हा सुरू झाला आहे, आपली वेळ अमुक वाजता" असे सव्वीस निरोप त्याने थोपवून धरले होते. त्याने पडद्यावर बाईंचं खातं उघडलं, "थोपवलेले सगळे सोडा" हे बटण दाबलं आणि चहा गार होईल म्हणून स्वयंपाकघरात गेला. चहा खरोखरच गार झाला होता. त्या सकाळी त्याच्या बाबतीत घडलेली ही सगळ्यात किरकोळ वाईट गोष्ट.

निरोप्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पंचवीस वर्षं टेलिफोन खात्यात तारा जोडून झाल्यावर त्याने घराच्या मागच्या खोलीत एक सर्व्हर मांडला आणि आसपासच्या लोकांचे मोबाइलवरचे निरोप पाठवायचा धंदा सुरू केला, तेव्हापासून गाव त्याला याच नावाने ओळखू लागलं. दंतवैद्य बाई, वाचनालय, दोन-चार दुकानं अशी गिऱ्हाइकं. प्रत्येकाला आपापल्या संगणकावर एक पान दिसे, त्याला तो पाटी म्हणत असे. पाटीवर तीन रकाने: रांगेत, गेला, पोचला. थोपवून ठेवलेला निरोप सोडेपर्यंत पाटीवर दिसत नसे. कुणाला काय पाठवलं आणि ते पोचलं की नाही, हे गिऱ्हाइकाला बसल्या जागी कळे. निरोपाने रांगेतून उडी मारून "पोचला"मध्ये जाऊन बसावं आणि निरोप्याने ते बघावं, यात त्याला अजूनही लहान मुलासारखा आनंद होत असे.

मशीनला त्याने स्वतःचे काही नियम घालून दिले होते आणि त्यांचा त्याला फार अभिमान होता. एका नंबरवरून मिनिटाला एकच निरोप. रांग जुन्यापासून नव्याकडे. आणि एकदा सोडलेला निरोप परत घेता येणार नाही, कारण गिऱ्हाइकं धरसोड करतात. शिवाय प्रत्येक नंबरच्या निरोपाला आपोआप एक शेपूट लागे. बाईंच्या नंबरचं शेपूट होतं, "दिवसातून दोनदा दात घासा." गेल्या महिन्यात बाईंच्या सांगण्यावरून त्याला "शंका असल्यास दवाखान्यात फोन करा" एवढं वाक्य आणि तिथला फोन नंबर त्याने आणखी जोडला होता. कुणी उलट निरोप पाठवलाच, तर मशीन परस्पर कळवत असे, "आपला निरोप मिळाला. या क्रमांकावर उत्तर पाठवू नये." आलेला निरोप मग ते कुठेतरी आत टाकून देई. तो कप्पा निरोप्याने पहिल्या आठवड्यात केला आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही. आपला धंदा पाठवण्याचा, येणाऱ्याशी आपल्याला काय करायचंय, असा त्याचा हिशेब.

सव्वानऊला बाईंचा पुन्हा फोन आला.

"अहो, माझ्या पाटीवर हे काय येतंय?"

"काय येतंय?"

"वाचून दाखवते. 'तुझी शिडी तुलाच लखलाभ. दिवसातून दोनदा दात घासा.' त्याच्याखाली, 'मी धाकटा आहे म्हणून ऐकून घेईन असं समजू नकोस. दिवसातून दोनदा दात घासा.' आणि आत्ताच एक पोचला, 'तू माणूस नाहीस, दगड आहेस.' माझा कुठला पेशंट दगड आहे?"

निरोप्या मागच्या खोलीत धावला.

आता इथे शिडीचं सांगायला हवं. निरोप्याचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवत. त्यांच्यामागे दोन मुलं राहिली आणि एक लांब लाकडी शिडी. थोरला मुलगा घड्याळजी झाला. मोठ्या बाजाराच्या इमारतीवरचं घड्याळ त्याच्याकडे होतं, म्हणून शिडी त्याच्याकडे गेली. तीन वर्षांपूर्वी निरोप्याने छपरावर अँटेना लावायला ती मागून आणली. मागच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळकांडीत शिडी काही वळेना. दोन तास खटपट करून त्याने खालच्या दोन पायऱ्या करवतीने कापल्या. शिडी वळली, अँटेना लागली आणि परत केलेली शिडी बाजारातल्या घड्याळाला पुरेना.

"बाबांचे पाय कापलेस," दादा भर बाजारात म्हणाला होता.

"आता बाबांना कुठे चालायचंय?" निरोप्या बोलून गेला होता.

बोलणं संपलं ते तिथेच. तसं पाहिलं तर वहिनीने तासाभरात दोघांना एका ताटावर बसवलं असतं, पण ती बिचारी आधीच गेली होती. निरोप्याच्या बायकोने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "तुम्ही भाऊ-भाऊ आहात. मी मधे पडले तर उद्या दोघं एक होऊन मलाच बोलाल." ती मधे पडली नाही.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी निरोप्याने रागाच्या भरात दादाला एक निरोप लिहिला. तेव्हा मशीनवर एकट्या दंतवैद्य बाईंचंच खातं होतं, म्हणून त्यातच लिहिला. पाठवायची वेळ आली तेव्हा हात कचरला आणि त्याने तो थोपवून ठेवला. आठवड्याने दुसरा लिहिला, तोही थोपवला. पुढे खाती वाढली, पण दात-ओठ खायची जागा तीच राहिली. तीन वर्षांत असे एकशे सतरा झाले होते, आणि ते सगळे बाईंच्या सव्वीस पेशंटांच्या पुढे रांगेत उभे होते. सगळे मिळून एकशे त्रेचाळीस. जुन्यापासून नव्याकडे, मिनिटाला एक.

"काढा ना वायर," बायको दारातून म्हणाली.

निरोप्याचा हात वायरीवर होता. तो तसाच थांबला.

"काढली तर इथवरच पोचेल."

"मग बरंच आहे की."

"इथवर नुसत्या शिव्या आहेत गं. बरं बोलायला मी फार उशिरा लागलो."

बायको पडद्याजवळ आली. तिने चष्मा लावून रांगेवरून बोट फिरवलं, आणि जसजसं बोट खाली गेलं तसतशी तिची भुवई वर गेली. "'माझ्या सायकलची हवा कोण सोडायचं ते मला आजही माहीत आहे.' हे तुम्ही साठीला टेकलेल्या माणसाला लिहिलंत?"

"राग होता."

"सायकल कधीची?"

"तिसरीतली."

"आणि बरं बोलणं कुठून सुरू होतं?"

निरोप्याने मोजलं. "शंभराच्या पुढे."

बंद करून पुन्हा चालू केलं तर रांग पहिल्यापासून सुरू होणार आणि दादाला दगड दुसऱ्यांदा व्हावं लागणार. मधले निरोप वगळावे तर सोडलेलं परत घेता येत नाही, हा नियम खुद्द त्याचाच. स्वतः फोन करून सांगावं, तर काय सांगावं? की दादा, अजून ऐंशी शिव्या यायच्यात, तेवढ्या सोसून घे, पुढे मी चांगलं बोललोय? निरोप्या स्टुलावर बसला. समोर एकेक निरोप "रांगेत"मधून उठून "पोचला"मध्ये जात होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला ते पाहवेना.

दहाच्या सुमाराला बाईंचा तिसरा फोन. निरोप्याने माफी मागायला तोंड उघडलं, पण बाईच म्हणाल्या, "थांबवू नका हं."

"काय?"

"दवाखाना रिकामा आहे. पेशंटांना निरोपच गेले नाहीत तर येणार कोण? मी, माझी मदतनीस आणि एक दाढदुखीवाले आजोबा, तिघं पाटी वाचतोय. मी पुढची रांगही वाचून काढली. आजोबांना सांगितलं नाही, त्यांना क्रमाने वाचायचंय."

"बाई, मला फार लाज वाटतेय."

"ती वाटू द्या. दुसरं म्हणजे, तुमच्या दादांचा फोन आला होता."

निरोप्या उभा राहिला. "तुम्हाला?"

"शंका असल्यास फोन करा, असं तुम्हीच लिहिलंय ना शेपटाला. विचारत होते, धाकट्या भावाला भुलीचं इंजेक्शन जास्त झालंय का. दात काढताना माणूस असं बरळतो का."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, भूल उतरतेय. शंभराच्या पुढे आराम पडेल."

फोन ठेवून निरोप्याने बायकोकडे पाहिलं. तिने नुसती मान हलवली आणि गार चहाचा कप उचलून नेला. नंतरचा पाऊण तास तो पडद्यासमोर मोजत बसला. अठ्ठ्याहत्तर. ब्याऐंशी. पंच्याण्णवावा होता, "आज तुझ्या बाजारावरून गेलो. घड्याळ चार मिनिटं पुढे होतं. लाज वाटत नाही?" हा पोचला तेव्हा त्याला आठवलं, त्या दिवशी बाजारात त्याचं काहीच काम नव्हतं. तो अर्धा तास समोरच्या फुटपाथवर उभा राहून इमारतीच्या दाराकडे बघत होता.

दहा चाळीसला शंभरावा पोचला. "आता ऐक, शेवटचं सांगतो. दिवसातून दोनदा दात घासा."

आणि मशीन थांबलं.

निरोप्याने एक मिनिट वाट पाहिली. मग दुसरं. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. एका नंबरवरून दिवसाला शंभरच निरोप जातात, हा नियम त्याचा नव्हता, मोबाइल कंपनीचा होता. बाईंच्या नंबरचा आजचा कोटा संपला होता. दादाकडे शंभर शिव्या जमा झाल्या होत्या आणि त्यावर "आता शेवटचं सांगतो" एवढं बोलून धाकटा भाऊ गप्प झाला होता.

"एकशे एकावा काय आहे?" बायकोने विचारलं.

"'शेवटचं वगैरे काही नाही. राग आला होता.'"

"अरे देवा."

मशीनमध्ये दुसरा नंबर होता, वाचनालयाचा. उरलेली रांग तिकडे वळवता येत होती, पण ते काम किचकट. निरोप्याने घाम पुसत बारा मिनिटांत ते केलं. दहा बावन्नला एकशे एकावा सुटला आणि पाटीवर उमटला, "शेवटचं वगैरे काही नाही. राग आला होता. घेतलेली पुस्तकं वेळेत परत करा, दंड टाळा."

शेपूट नंबरचं होतं. वाचनालयाचा नंबर, वाचनालयाचं शेपूट. निरोप्याने हताश होऊन भिंतीला डोकं टेकलं.

"जाऊ द्या," बायको म्हणाली. "दात घासण्यापेक्षा बरं आहे."

त्यानंतरचे निरोप त्याने बायकोच्या शेजारी बसून पाहिले. एकशे चार, "गुडघा दुखतो. तुझाही दुखतो का? पुस्तकं वेळेत परत करा." एकशे नऊ, "शर्टाचं बटण लावत होतो. मला बटण लावायला तू शिकवलंस, आणि उलटं शिकवलंस. अजून तसंच लावतो." एकशे बारा, "बाबांबद्दल ते मी बोलायला नको होतं. मला झोप लागत नाही." तिथे बायकोने पदर डोळ्यांना लावला आणि तो लावताना पुस्तकांची ओळ वाचून तिला हसूही आलं. एकशे सतरावा, त्याचा शेवटचा, अकरा वाजून आठ मिनिटांनी गेला. "शिडीचा तुकडा जपून ठेवलाय. तू आलास तर जोडू." तो "पोचला"मध्ये जाऊन बसला आणि त्याच्यामागे बाईंचे पेशंट निघाले.

"झालं," निरोप्या म्हणाला. "आता तो काय समजायचं ते समजेल."

त्याने हातपाय धुतले. उगीच एकदा दारापर्यंत जाऊन आला, मग मागच्या खोलीत येऊन मोबाइल समोर ठेवून बसला. दादाकडे आपला हा नवा नंबर नाही, हे माहीत असूनही बसला. धंदा सुरू करताना गावाच्या ओळखीचा जुना नंबर त्याने मशीनला दिला होता, बाईंचे निरोप त्यावरूनच जात, आणि स्वतःला नवा घेतला होता. नवा नंबर सगळ्यांना कळवला, एका दादाला सोडून. त्याला गरज असेल तर विचारेल, असं त्याने तेव्हा ठरवलं होतं. विचारायचं कुठे आणि कसं, याचा विचार मात्र केला नव्हता.

पावणेबाराला दाराची घंटा वाजली.

दारात दादा उभा होता. अंगात दुकानातला खाकी डगला आणि कपाळावर सरकवलेलं, डोळ्याला लावायचं भिंग. ते काढायचंही त्याला भान राहिलं नव्हतं. धाप लागली होती. त्याने निरोप्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग त्याच्या खांद्यावरून आतल्या भिंतीकडे पाहिलं.

"घड्याळ सात मिनिटं मागे आहे तुझं," तो म्हणाला.

"ये ना आत," निरोप्या म्हणाला. त्याला एवढंच सुचलं.

दादा आत आला. खुर्चीवर न बसता आधी खुर्ची भिंतीशी ओढून वर चढला, घड्याळाचे काटे सरकवले आणि खाली उतरला. बायकोने पाणी आणलं. "बरी आहेस ना गं?" म्हणत त्याने ते एका दमात संपवलं.

"दादा, ते निरोप..."

"शंभर आले. भिंग लावून सगळे वाचले. गिऱ्हाईक समोर उभं, मी म्हणतोय थांबा, अजून एक शिवी आली."

"आणि शंभर शिव्या वाचून आलास?"

"शिव्यांचं काय घेऊन बसलास? शिव्या देतोय म्हणजे धडधाकट आहे, एवढं तर कळत होतं. शंभरावा आला, 'आता शेवटचं सांगतो', आणि फोन गप्प. पाच मिनिटं झाली, दहा झाली." दादाने रिकामा पेला टेबलावर ठेवला. "मिनिटाला एक येत होता. काट्यासारखा. चालणारं घड्याळ असं मधेच थांबलं, की मला नाही सहन होत. दुकान ओढून घेतलं आणि आलो."

निरोप्याने घाईघाईने विचारलं, "पण मग नंतर आले ना पुढचे?"

"कुठले? नंतर वाचनालयाच्या नंबरवरून यायला लागले. त्यांचं नेहमीचंच असणार, पुस्तकं परत करा, दंड टाळा. मी कुठं त्यांचं पुस्तक आणलंय? एकही उघडला नाही."

बायको तोंडावर हात धरून आत पळाली. निरोप्याने कपाळाला हात लावला. सकाळपासून ज्या सतरा निरोपांसाठी त्याने जिवाचं रान केलं होतं, ते दादाच्या खिशात न उघडता पडले होते. आणि दादा तरीही इथे, त्याच्या खुर्चीवर बसला होता.

"तू मात्र तीन वर्षांत एक ओळ लिहिली नाहीस," निरोप्या म्हणाला. म्हणायचं नव्हतं, तोंडून निघून गेलं.

दादाने त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू याला खरोखरच भूल चढलीय.

"मी लिहिली नाही? सोळा वेळा लिहिली. आणि सोळाही वेळा तुझं उत्तर काय? 'आपला निरोप मिळाला. या क्रमांकावर उत्तर पाठवू नये.' वर आणखी दात घासायला सांगतोस. मी समजलो काय समजायचं ते. म्हटलं, तोंड धुवून ये म्हणतोय."

निरोप्या उठून मागच्या खोलीत गेला, दादा त्याच्यामागून बोळकांडीतून आला. निरोप्याने तीन वर्षांत न उघडलेला तो कप्पा उघडला. आत बाईंच्या पेशंटांचे "येतो", "येत नाही", "दात आपोआप पडला" असे शेकडो निरोप होते. त्यांच्यातून दादाचे सोळा वर काढायला वेळ लागला नाही. पहिल्याची तारीख भांडणाच्या तिसऱ्या दिवसाची होती.

"शिडी राहू दे. जेवायला ये."

निरोप्याने तो दोनदा वाचला. दुसरा होता, "ऐकलं, तुझा धंदा चांगला चालू झालाय. बाबांना आवडलं असतं." पुढचे त्याला नीट दिसेनात. दादाने कपाळावरचं भिंग काढून त्याच्या हातात दिलं. "याने नाही दिसायचं," निरोप्या म्हणाला आणि बाहीने डोळे पुसले.

"फोनही करत होतो," दादा म्हणाला. "दर रविवारी, दहा वाजता. वाजून वाजून बंद व्हायचा. वाटायचं, नाव बघून ठेवून देत असशील. दोनदा तर तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत गेलो."

निरोप्या मशीनकडे बघत राहिला. मशीनच्या पुढच्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात, काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा होता. तिथला एक लाल दिवा मधूनच अर्धा मिनिट लुकलुके आणि बंद होई. दर रविवारी सकाळी, पेपर वाचताना. तार ढिली असणार म्हणून त्याने दोनदा सगळं उघडून पाहिलं होतं. काही सापडेना, तेव्हा डोळ्याला त्रास नको म्हणून त्याने त्यावर पट्टी चिकटवली होती.

"दादा, जरा फोन कर."

"कुणाला?"

"मला. नेहमीच्या नंबरवर."

दादाने खिशातून फोन काढून नंबर लावला. निरोप्याने नखाने पट्टीचा कोपरा सोडवून ती ओढून काढली. खाली दिवा लुकलुकत होता. दोघं वाकून बघत राहिले. दिवा अर्धा मिनिट लुकलुकला आणि विझला.

"हा मी होतो?" दादाने विचारलं.

"हो."

"आणि तू मला पट्टी लावलीस."

"हो."

दादा हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग धाप लागेपर्यंत हसला, आणि निरोप्याला हसावं की रडावं ते कळेना म्हणून त्याने दोन्ही केलं. हसता हसता दादाची नजर खाली गेली. मशीन ज्यावर ठेवलं होतं ते टेबल नव्हतं, स्टूलही नव्हतं. दोन पायऱ्यांचा शिडीचा तुकडा आडवा टाकून त्यावर फळी बसवली होती. लाकडावर वडिलांच्या ब्रशांचे निळे-पिवळे ठिपके अजून होते.

"हा इथे आहे होय," दादा हळू आवाजात म्हणाला.

"फेकवला नाही. तू आता घड्याळापर्यंत कसा पोचतोस?"

"विटा ठेवतो शिडीखाली."

"विटा? या वयात विटांवर शिडी लावून चढतोस?"

"तू कापलीस, मी काय करू?"

"आजपासून चढायचं नाही," निरोप्या म्हणाला. तीन वर्षांत दादाला त्याने दिलेला हा पहिला हुकूम होता आणि दादाने तो निमूटपणे ऐकून घेतला.

तेवढ्यात बाईंचा फोन आला. "तुमचं काय झालं ते आधी सांगा."

"दादा आलाय. इथेच उभा आहे."

पलीकडे बाईंनी ही बातमी खोलीला सांगितली. टाळ्या ऐकू आल्या, त्यातली एक दाढदुखीवाल्या आजोबांची असावी. मग बाई म्हणाल्या, "छान झालं. आता माझं ऐका. पेशंट यायला लागलेत, त्याबद्दल आभार. पण चार जण माझ्या बाहेरच्या खोलीतली मासिकं घेऊन आलेत. कुणी गेल्या वर्षी नेलेलं, कुणी त्याच्या आदल्या वर्षी. एक बाई तर दंड किती झाला विचारताहेत."

"बाई, ते वाचनालयाचं शेपूट..."

"असू द्या. मी म्हणते, ते शेपूट मलाच ठेवा."

बायकोने दादाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. "तीन वर्षं उशीर केलात, त्याचा दंड," असं म्हणून तिने दोनदा वाढलं. जेवण झाल्यावर निरोप्याने, शेवटच्या पेशंटाचा निरोप पोचला हे बघून, सर्व्हर बंद केला. अँटेना लावल्यापासून तो कधीच बंद झाला नव्हता. दोघांनी मशीन उचलून जमिनीवर ठेवलं, तुकडा झटकून पुसला आणि दादाने तो काखेत मारला. बोळकांडीतून जाताना तो वळणावर जरा अडकला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिरका करून काढला.

दारात निरोप्याने दादाच्या फोनमध्ये आपला नवा नंबर घालून दिला. "आणि ते वाचनालयाचे निरोप आहेत ना," तो चाचरत म्हणाला, "ते माझे आहेत. नाही वाचलेस तरी चालेल."

"वाचीन," दादा म्हणाला. "पण रोज एकच. भिंगातून वाचायला वेळ लागतो."

निरोप्याने त्या रात्रीपर्यंत सगळे नियम बदलले. बाईंच्या खात्यातून स्वतःचं खातं वेगळं काढलं, येणाऱ्या निरोपांसाठी पाटीवर चौथा रकाना केला आणि "उत्तर पाठवू नये" ही ओळ कायमची पुसून टाकली. शेपटं मात्र बाईंच्या आग्रहाखातर दोन्ही राहिली.

पुढच्या रविवारी तो दहाला पाच कमी असताना मागच्या खोलीत येऊन बसला. मशीन आता साध्या टेबलावर होतं. शिडी जोडून झाली होती. दादा खाली धरायला उभा राहिला आणि निरोप्या वर चढला होता, आणि बाजाराचं घड्याळ आता चार मिनिटं पुढे नव्हतं. दादाकडे त्याचा नवा नंबर होता, पण दादाला जुनाच पाठ होता आणि नवा शोधायला भिंग लागायचं.

बरोबर दहाला लाल दिवा लुकलुकायला लागला. निरोप्याने तो विझेपर्यंत डोळे भरून पाहिला, मग आपल्या मोबाइलवरून दादाला फोन लावला.

"बोल दादा."

"बोलतो," दादा म्हणाला. "आधी सांग, दोनदा घासलेस का?"